गटारीनंतरचे तीस दिवस: कोल्हापुरात महिनाभर दारू बंद ठेवायची तर

महिनाभर दारू बंद ठेवणं कोल्हापूरला नवीन नाही. ब्रिटनमध्ये २०१३ पासून 'ड्राय जानेवारी'ची मोहीम चालते आणि त्याचं कौतुक आता आपल्या मोबाईलवरही येतं, पण आपला श्रावण त्याच्या कितीतरी आधीचा. आषाढात त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, यात्रा होते, पी-ढबाकच्या तालावर पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाईच्या टेकडीवर जातं, गल्लीगल्लीत मटणाचा वास सुटतो, अमावास्येला गटारी होते आणि दुसऱ्या दिवसापासून निम्मं गाव दाढी वाढवायला लागतं.

दारूच्या दृष्टीनं बघितलं तर श्रावणाचा सगळ्यात मोठा उपयोग या दाढीचाच आहे. दाढी दिसली की ग्लास पुढं करणारा हात आपोआप मागं जातो. कारण सांगावं लागत नाही, 'घरातनं दम मिळालाय काय?' असं कोणी विचारत नाही. फेब्रुवारीत हाच महिना पाळायचा ठरवला तर ही ढाल नसते, रोज कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्यानं श्रावण धरावा.

पण श्रावण पाळायची आपली रीत दोन्ही टोकांना बिघडलेली आहे. सुरुवात गटारीनं बिघडते आणि शेवट 'किती दिवस राहिले' या मोजणीनं. वर 'श्रावण पाळला म्हणजे मला व्यसन नाही' हा निष्कर्ष, जो साफ चुकीचा आहे. दारूवर पूर्ण अवलंबून असलेली कित्येक माणसं श्रावण काटेकोर पाळतात आणि भाद्रपदाच्या पहिल्या संध्याकाळी पुन्हा तिथंच येतात. महिना पार पडला का यापेक्षा तो कसा पार पडला, झोपेचं काय झालं, संध्याकाळी सात वाजता डोक्यात काय चालू होतं, यातनं आपलं आणि दारूचं नातं कळतं. तेवढ्यासाठी हा महिना करायचा.

आधी हिशेब

आपण किती पितो याचा आकडा जवळजवळ प्रत्येकाचा चुकलेला असतो, आणि तो कमीकडेच चुकतो. व्हिस्की, रम, ब्रँडी यांच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ३० मिलीच्या एका पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हे माप धरून चाला. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा पेग, ६० ग्रॅम. दोघांत एक खंबा संपवला तर प्रत्येकी ३७५ मिली, म्हणजे साडेबारा पेग.

'आम्ही फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्यांनी इथं जरा थांबावं. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर, बाटलीवर ८ टक्के, यात ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. एका बाटलीत चार पेग. अशा दोन बाटल्या घेणारा माणूस क्वार्टरवाल्याच्या पुढं असतो, फक्त त्याला तसं वाटत नाही. पाच टक्क्यांची माईल्ड बिअर घेतली तर तीच बाटली अडीच पेगांची. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळं तेवढ्याच दारूनं रक्तातली पातळी जास्त चढते, म्हणून त्यांनी हेच आकडे अधिक कडक धरावेत.

घरी ओतलेला पेग ३० मिलीचा कधीच नसतो. खोकल्याच्या औषधाबरोबर खुणा असलेलं टोपण येतं. नेहमीच्या ग्लासात नेहमीच्या अंदाजानं पाणी ओता आणि त्या टोपणानं मोजा. बहुतेकांचा 'स्मॉल' पन्नासच्या पुढं निघतो.

मागच्या चार आठवड्यांचा असा हिशेब कागदावर मांडा. पैशाचाही मांडा. जून २०२५ मध्ये राज्य सरकारनं उत्पादन शुल्क वाढवलं तेव्हा भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याच्या १८० मिलीची किमान किंमत २०५ रुपये ठरवली. रोज एक क्वार्टर धरली तर महिन्याचे ६,१५० रुपये, तेही परमिट रूमचा दर, चकणा आणि टिप सोडून.

एकट्यानं कोणी सोडू नये?

दारू एकदम सोडणं काही माणसांच्या जिवावर बेतू शकतं, आणि श्रावणात तर सगळेच एकदम सोडतात. रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःला सतत चढ्या गतीवर ठेवतो. दारू अचानक काढून घेतली की ती चढी गती तशीच राहते, तिला दाबणारं काही नसतं. हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, मळमळ, झोप न लागणं, सगळं त्यातनंच येतं.

घड्याळ साधारण असं चालतं. शेवटच्या पेगनंतर सहा ते बारा तासांत थरथर आणि बेचैनी. बारा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते, आयुष्यात कधी आलेली नसली तरी. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास सुरू होतात, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप आणि नाडी चढते. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. घरच्यांना मात्र वाटतं बाहेरची बाधा झाली, आणि मौल्यवान एक दिवस अंगारे-धुपाऱ्यात जातो.

कोणाला हा धोका? सकाळी उताऱ्याचा पेग घेतल्याशिवाय ज्याचा हात स्थिर होत नाही, त्याला. उतारा हे हँगओव्हरचं औषध नाही, ती अवलंबून असल्याची खूण आहे. मागं कधी दारू सोडताना फिट आली किंवा भास झाले असतील, त्याला. पुढच्या खेपेला हे जास्त जोरानं येतं. रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त महिनोन्‌महिने चालू असेल, त्यानंही आधी डॉक्टर गाठावा. दोन क्वार्टरच्या घरात असेल तर प्रश्नच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं दहा प्रश्नांची एक चाचणी तयार केली आहे, तिचं नाव 'ऑडिट', गुण शून्य ते चाळीस. आठ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या हद्दीत, वीस किंवा जास्त आले तर महिना स्वतःच्या हिमतीवर सुरू करायचा नाही.

डॉक्टर अशा वेळी काय करतात तेही सांगतो, कारण लोक उगाच घाबरतात. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम जातीच्या गोळ्या जास्त मात्रेनं सुरू करून आठवडाभरात उतरवत नेतात आणि बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन देतात. आठवड्याचा खेळ असतो. पण या गोळ्या मित्राच्या चिठ्ठीवर घेऊ नका. दारूबरोबर त्या श्वास मंदावतात, आणि महिन्यानंतरही चालू ठेवल्या तर एक व्यसन जाऊन दुसरं बसतं.

इथं सलाईनबद्दल बोलायलाच हवं. अंगात ताकद नाही, 'डॉक्टर, एक बाटली लावा' ही आपल्याकडची जुनी मागणी. बाटली ग्लुकोजची असेल आणि माणूस कित्येक महिने न जेवता दारू पिणारा असेल, तर बी-१ न देता दिलेलं ग्लुकोज उरलंसुरलं थायमिनही वापरून टाकतं. मग वेर्निके नावाचा मेंदूचा आजार उलटू शकतो: तोल जातो, डोळे नीट फिरत नाहीत, एकाचे दोन दिसतात, बोलणं भरकटतं. वेळेत लक्षात आलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून सलाईन लावायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हा माणूस रोज पितो, बी-१ आधी किंवा सोबत द्या. दारूची गोष्ट लपवणं इथं महागात पडतं.

कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे सरकारी ठिकाण सगळ्यांना माहीत आहे. मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात जायला लाजू नका, तिथं दारूचे रुग्ण रोजचेच. घरातनं फोनवर विचारायचं असेल तर टेलि-मानस १४४१६ आणि केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाईन १४४४६, दोन्ही मोफत. फिट आली, भास सुरू झाले किंवा रक्ताची उलटी झाली तर मात्र फोनवर सल्ला घेत बसू नका, १०८ ची गाडी बोलवा.

गटारी आणि तपासण्या

गटारीच्या रात्री साडेबारा पेग झाले तर त्यांचं पुढं काय होतं बघा. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल जाळतं. काळी कॉफी, लिंबू, आंघोळ, ओकारी, कशानंही हा वेग वाढत नाही. १२६ ग्रॅम जाळायला तेरा ते अठरा तास लागतात. रात्री आठला बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी दोनच्या दरम्यान कधीतरी कोरडा होतो. श्रावणाची पहिली सकाळ दारूतच उगवते, आणि तोंडात ब्रश घालून मोटारसायकलवर कामाला निघालेला माणूस कायद्यानं अजून नशेत असतो. एका रात्रीत एवढी ढोसल्यानं हृदयाचे ठोके अनियमित होणं, स्वादुपिंडाला सूज येणं हेही होतं. मधोमध पोटात दुखून कळ पाठीत जात असेल आणि पुढं वाकल्यावर जरा बरं वाटत असेल तर ती ॲसिडिटी समजून गोळी चघळत बसू नका.

त्यापेक्षा आखाडाच्या शेवटच्या आठवड्यात रोज थोडं थोडं कमी करत आणा. गटारीला मटण भरपूर खा की. सणाचं नाव गटार काठाशी पडायचं म्हणून पडलं असं लोक हसत सांगतात, पण मूळ दिवस दीप अमावास्येचा, दिवे घासून पुसून लावायचा.

रक्ततपासणी करायची तर गटारीच्या दुसऱ्या दिवशी नको. आदल्या रात्रीच्या दारूनं आणि तेलकट जेवणानं ट्रायग्लिसराइड आभाळाला भिडतात आणि तुलना बिघडते. दोन-तीन दिवस आधी, रात्रीचं जेवण लवकर घेऊन, सकाळी उपाशीपोटी रक्त द्या. यकृताची चाचणी (त्यात जीजीटी, म्हणजे दारूनं वाढणारं यकृताचं एन्झाइम, आहे ना हे विचारून घ्या, पुष्कळ पॅकेजमध्ये ते नसतं), सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लिपिड प्रोफाइल, उपाशीपोटीची साखर. घरी वजन, बेंबीच्या रेषेवर कमरेचा घेर आणि सकाळचं ब्लडप्रेशर लिहून ठेवा.

तीस दिवसांनी काय बदलेल आणि काय नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर रिपोर्ट बघून माणूस खचतो. जीजीटी दर दोन-तीन आठवड्यांनी साधारण निम्मं होतं, म्हणून १२० असेल तर महिन्यात चाळीसच्या आसपास यायला हवं, पण ४०० असेल तर ते महिन्यात जागेवर येणार नाही. एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या चाचणीतली दुसरी दोन एन्झाइमं त्याहून लवकर उतरतात. एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट असेल तर यकृताला दारूचाच मार बसलाय अशी शंका घ्यायला जागा असते. सीबीसीमधलं एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, महिन्यात हलत नाही, कारण लाल पेशी एकशेवीस दिवस जगते आणि जुन्या फुगलेल्या पेशी अजून फिरतच असतात. एचबीए१सी तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यावरनं महिन्याचा निकाल लावू नका. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर ग्रेड वन' लिहून आलं असेल तर त्यातली दारूमुळं साठलेली चरबी काही आठवड्यांत उतरू शकते. सिरॉसिसचे व्रण मात्र श्रावणानं पुसले जात नाहीत.

दिवस कसे जातात

पहिले तीन-चार दिवस झोपेचे. दारूनं झोप लवकर लागते पण उत्तररात्री मोडते, आणि स्वप्नांची झोप दाबली जाते. सोडल्यावर ती दाबलेली स्वप्नं एकदम उसळतात. घामाघूम होऊन जागं होणं, स्वप्नात पिणं, पहाटे तीनला टक्क डोळे उघडणं, हे आठवडा-दहा दिवस चालतं. इथंच बहुतेकांचा महिना मोडतो, कारण 'दारूशिवाय झोपच येत नाही' हे वाक्य खरं वाटायला लागतं. ते अर्धंच खरं आहे, झोप मोडलीच दारूनं होती. पाचनंतर चहा बंद, पहाटे उठायची वेळ पक्की, दुपारी झोपायचं नाही, एवढं पाळलं की दुसऱ्या आठवड्यात झोप लागते. मेडिकलमधनं झोपेची गोळी आणू नका. रोज पिणाऱ्यांनी डोकं दुखलं तर पॅरासिटामॉलही दिवसाला चार गोळ्यांच्या (५०० मिग्रॅ) आत ठेवावी, यकृत आधीच घायकुतीला आलेलं असतं.

ब्लडप्रेशर पहिल्या दोन-तीन दिवसांत चढतं आणि मग उतरत जातं. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर तिसऱ्या आठवड्यात उठताना चक्कर येते का बघा, मात्रा कमी करावी लागू शकते. ती डॉक्टर करतील, आपण नाही. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात ग्लुकोमीटर जवळ ठेवावा.

आणि उपवास. श्रावण सोमवार आणि दारू सोडल्याचा पहिला आठवडा यांचं जमत नाही. दारू यकृताला साखर तयार करू देत नाही, रोज पिणाऱ्याचा साठा रिकामाच असतो, त्यात निरंकार उपवास धरला की थरथर दारूची का साखर उतरल्याची हेच कळत नाही. पहिला सोमवार सोडून द्या, महादेव रागावणार नाही. पुढच्या सोमवारी धरलात तर साबुदाण्याच्या खिचडीवर जरा हात आवरा. क्वार्टरमधनं रोज सव्वाचारशे कॅलरी जात होत्या त्या बंद झाल्या, तरी कित्येकांचं श्रावणात वजन वाढतं, ते या साबुदाणा, रताळं, शेंगदाण्याच्या कुटामुळं आणि गोडामुळं. दारू सुटली की गोड खावंसं वाटतं. पहिले दहा दिवस खा, गूळ-शेंगदाणे, केळी, काहीही. एकावेळी एकाच गोष्टीशी भांडावं. दहा दिवसांनंतर मात्र जिलेबीचा पुडा रोजचा होतोय का ते बघा.

दारू सोडून तंबाखूचा मावा दुप्पट होणं ही आपल्याकडची सगळ्यात सर्रास चूक आहे. आधी दिवसाला किती पुड्या होत होत्या ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा आणि तो आकडा ओलांडू नका. महिन्यात तंबाखूही सोडतो म्हणणाऱ्याला मात्र अडवायचं कारण नाही.

एक बारीक गोष्ट. आयुर्वेदिक दुकानातली आसवं आणि अरिष्टं आंबवून केलेली असतात, त्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, काहींत बारा टक्क्यांपर्यंत. शक्तीसाठी म्हणून कोणी द्राक्षासवाचं झाकण रोज दोनदा घेत असेल तर महिना कोरडा नाही. लेबल वाचा.

सात ते नऊ

महिना चोवीस तासांचा नसतो, तो संध्याकाळी सात ते नऊचा असतो. दारूची ओढ लाटेसारखी येते, चढते, वीस-तीस मिनिटांत ओसरते, प्यायला नाही तरी ओसरते. तेवढी वेळ काढायची युक्ती लागते, मनोनिग्रह वगैरे मोठे शब्द नंतर.

सगळ्यात खात्रीची युक्ती म्हणजे साडेसहाला जेवणं. भाकरी, पिठलं, झुणका, आमटी-भात, काहीही, पण पोटभर. दारू मागणारं पोट बहुतेक वेळा रिकामं असतं. कामावरनं सुटून घरी पोचेपर्यंत वाटेत नेहमीचं दुकान लागतं, त्यासाठी डब्यात एक चपातीचा रोल किंवा मूठभर फुटाणे शिल्लक ठेवा आणि सुटल्या सुटल्या खा. रस्ता बदला. महिनाभर पाच मिनिटं लांबचा पडला तरी चालेल.

जेवल्यावर बाहेर पडा. रंकाळ्याची फेरी, कळंबा, पंचगंगा घाट, विद्यापीठाचा परिसर. पावसाळ्याचे दिवस, छत्री न्यायची. गंगावेशीतला दूध कट्टा हा तर फक्त कोल्हापूरकरालाच मिळणारा पर्याय. दारूच्या ग्लासाऐवजी म्हशीच्या दुधाचा ग्लास, तोही चार माणसांत उभं राहून. बसायची सवय मोडत नाही, फक्त बसायची जागा बदलते. ज्याचं यकृत आधीच दुखावलंय त्यानं मात्र धारोष्ण दुधाचा मोह टाळावा, कच्च्या दुधातनं जंतू येतात. दूध घरी नेऊन उकळून प्या. (इकडं पैलवानकीच्या जुन्या लोकांचा राग ओढवणार, माहीत आहे.)

हातात काहीतरी लागतं, हेही खरं. खारा लिंबू सोडा, ताक, कोकम सरबत बरं. उसाच्या रसाचा मोठा ग्लास रोज नको, साखरच आहे ती. ज्या जिल्ह्यात उसाच्या मळीपासून कारखानेच स्पिरिट काढतात तिथं रस आणि दारू ही सख्खी भावंडंच म्हणायची. बिनअल्कोहोलची बिअर पहिल्या दोन आठवड्यांत आणू नका. तिच्यात दारू जवळजवळ नसते, पण बाटलीचा आवाज, फेस, कडू चव, शेजारी चकणा, सगळं तेच असतं, आणि मेंदू त्या सरंजामावरच चाळवतो. घरातली उरलेली बाटली पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवू नका. पाहुण्यांना ताक द्या.

रस्सा मंडळ

श्रावणाबाहेर महिना करणाऱ्याची खरी परीक्षा इथं. मटणाचा बेत ठरतो तेव्हा घड्याळ असं असतं: आठला जमायचं, मटण शिजेपर्यंत दोन-अडीच तास बसायचं, अकराला जेवण. दारू जेवणासाठी नसते, वाट बघण्यासाठी असते. म्हणून एकतर साडेदहाला जा, थेट ताटावर. किंवा साडेसातला जाऊन चुलीचा ताबा घ्या. ज्याच्याकडं तांबड्याची फोडणी आणि पांढऱ्याचं नारळाचं दूध आहे त्याला कोणी ग्लास धरायला लावत नाही. पांढरा फुटू नये म्हणून ढवळत राहावं लागतं, हात मोकळाच नसतो. शिवाय गरम अळणी पाण्याची पहिली वाटी त्याचीच.

आग्रह झाला तर एक वाक्य ठेवा आणि तेच पुन्हा म्हणा. 'लिव्हरचा रिपोर्ट आलाय, महिनाभर बंद.' पुढं खुलासा द्यायचा नाही, खुलाशात माणूस अडकतो. 'एक बिअर घे, ती काय दारू हाय काय?' याला उत्तर वर दिलंय: चार पेग.

बाराव्या ते सोळाव्या दिवसाच्या आसपास वेगळाच धोका येतो. झोप लागलेली असते, तोंड उतरलेलं नसतं, सकाळी पोट साफ होतं, आणि माणसाला वाटतं जमलं की आपल्याला, आता एकानं काय होतंय. तेव्हा झालीच चूक तर महिना मोडला म्हणून उरलेली बाटली संपवायची नाही. तिथंच थांबा, तारखेपुढं किती मिली ते लिहा, कुणाबरोबर आणि किती वाजता तेही लिहा, दुसऱ्या दिवसापासून पुढं चालू.

चहातनं दिलेलं औषध

भिंतीवर, रिक्षाच्या मागं, पेपरच्या कोपऱ्यात जाहिरात असते: पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा. श्रावणात घरच्या बायकांना ही पुडी हमखास सुचवली जाते. वहिनी, ताई, कळकळीनं सांगतो, हे करू नका. त्या पुडीत काय आहे कोणालाच माहीत नसतं. कधीकधी ते डायसल्फिराम असतं. हे खरं औषध आहे आणि डॉक्टर ते देतात, पण रुग्णाच्या संमतीनं, यकृत आणि हृदय तपासून, शेवटच्या दारूला निदान बारा तास झाल्यावर. ते पोटात असताना दारू गेली की अल्कोहोल जळायची साखळी मध्येच तुटते आणि ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष साठतं. दहा ते तीस मिनिटांत तोंड लालबुंद होतं, उलट्या, छातीत धडधड, ब्लडप्रेशर कोसळतं. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर लावतो, आणि तो वाचेलच असं नाही. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो, म्हणजे पुडी बंद केली तरी धोका संपत नाही. नंतर कळलं तर घरातल्या चहावरचा विश्वास उडतो तो वेगळाच. ओढ कमी करणारी नालट्रेक्सोनसारखी दुसरी औषधंही आहेत, ती मानसोपचारतज्ज्ञाकडं मिळतात.

घरच्यांनी पहारा करू नये. तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं यातनं लपवायची कला वाढते. साडेसहाला ताट वाढणं हे त्याच्या दसपट कामाचं.

भाद्रपदाची प्रतिपदा

तीस दिवस झाले की पुन्हा तेच रक्त, तोच घेर, तेच वजन. आकडे शेजारी शेजारी लिहा. मग पुढचं ठरवा, आणि ठरवायचं ते रिपोर्ट हातात आल्यावर, आदल्या रात्री नाही. तीस दिवस नुसते दात-ओठ खाऊन काढले असतील, विसाव्या दिवशीच प्रतिपदेची जागा आणि माणसं ठरलेली असतील, तर रिपोर्ट कितीही चांगला येवो, डॉक्टरांशी बोला किंवा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठीतल्या बैठकीला एकदा जाऊन नुसतं बसून या. तिथं पैसे पडत नाहीत आणि आडनाव सांगावं लागत नाही.

ज्यांना पुन्हा घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी: महिन्यात शरीराची सवय उतरलेली असते. आखाडातली क्वार्टर आता क्वार्टरसारखी लागत नाही, जास्त चढते, आणि पडणं, धडकणं, उलटी श्वासात जाणं हे याच रात्री होतं. पहिल्या दिवशी ३० मिली टोपणानं मोजून, जेवणाबरोबर, आणि दुसरा तासाभरानंतर. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. सत्तर किलोचा माणूस तासाभरात दोन पेगांत तिथं पोचतो. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडीची किल्ली निघतानाच घरी टांगून जा, येताना रिक्षा.